काकासाहेबांचं वजन माझ्या नावावर

जालना,
माघ महिना, सन १९५५

सौभाग्यवती दुर्गाअक्का हिला तिच्या आष्टीच्या प्रेमबाईचा मनापासून रामराम. दाजींना नमस्कार, तुझ्या सासूबाईंच्या पायांवर डोकं, लेकरांना पापा. तुझा गुडघा आता कसा आहे? देवळाच्या पायऱ्या रोज चढू नको म्हणून मी मागं निरोप धाडला होता. तो पोचला का, आणि पोचला असला तर ऐकला का? म्हैस व्याली का? इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत असं ह्या जागी लिहायची रीत आहे, म्हणून लिहून टाकलं. खरं विचारशील तर तब्येत ठणठणीत आहे आणि डोकं चुलीवरच्या तव्यासारखं तापलंय. त्याखाली लाकडं कुणी कुणी सारली ते सांगायलाच हे पत्र.

मागच्या आठवड्यात तुझ्या घरचे, बद्रीनाथदाजी, सरकी न्यायला जालन्याला आल्ते. ओसरीवर बसवलं, चहा दिला. बशीत ओतता ओतता दाजी म्हणाले, "प्रेमबाई, तुम्हाला फार लागलं तर न्हाई ना? राजूरच्या बाजारात लई बोलून राह्यले लोक. म्हणतात, शेठाणी बसली आन् विमानच बसलं." आणि हसले. त्यांच्या हातातली बशी मी काढून घेतली न्हाई, हे माझ्या आईबापाचे संस्कार. पण अक्का, तू मला लहानपणापासून ओळखतेस. आष्टीच्या बाजारात मला कुणी जाडी म्हटलं की तू दगड उचलायचीस. आता तुझ्याच गावात माझं नाव असं फिरून राह्यलं आणि तू गप्प, हे कसं? तुला खरं माहीत न्हाई म्हणूनच, असं मी धरून चालते. तर खरं काय घडलं ते बराबर लिहिते. नीट बसून वाच.

आमच्या ह्यांना (सुरजमलजींना. तोंडानं नाव घेत न्हाई, पण कागदावर चालतं असं मी माझ्यापुरतं ठरवलंय) विमानाचं वेड लागलं ते पोलीस ॲक्शननंतर. रुईच्या सौद्यासाठी हैदराबादला गेल्ते, तिथं कुणा ओळखीच्यानं विमानात बसवून शहरावरून एक चक्कर मारून आणली. माणूस हैदराबादहून येताना बांगड्या आणतो, अत्तर आणतो. ह्यांनी नुसत्या गप्पा आणल्या. मंग दर महिन्याला हैदराबादला काहीतरी काम निघायला लागलं, आणि शेवटी एक दिवस विमान चालवायचा परवाना घेऊनच घरी आले. पेढे मी वाटले. "परीक्षा पास झाले" एवढंच सांगितलं, तर शेजारच्या तारादेवीनं विचारलं, ह्या वयात मॅट्रिक? तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण ह्यांनी विलायतेहून विमानाचे नकाशे मागवले, लढाईच्या भंगारात निघालेलं एक इंजिन मिळवलं, आणि कापसातली सरकी काढायच्या आमच्या जिनाच्या मागच्या जुन्या शेडमध्ये पुंजाराम सुताराला घेऊन विमान बांधायला बसले. पुंजारामनं जन्मभर बैलगाड्या आणि पाळणे केलेले. त्याला नकाशा दाखवला तर म्हणाला, "शेठ, ह्याला बैल कुठं जुपायचे?"

लोक समजतात विमान लोखंडाचं असतं. आमचं लाकडाचं, आणि वरून कापड. ते कापड पंखाच्या फासळ्यांना टाके घालून बसवायचं असतं आणि मंग वरून एक उग्र वासाचं औषध चोपडायचं, म्हणजे ते ढोलासारखं ताणून बसतं. ते सगळं कापड मी शिवलं, अक्का. दुपारचं घरचं आवरून शेडमध्ये जायचे. त्या औषधाच्या वासानं माझं डोकं उठायचं, बोटांची चाळण झाली. जावा विचारायच्या, काय शिवून राह्यलीस इतकं, पडदे का? तरी मी शिवलं, कारण ह्यांनी शेडमध्ये उभं राहून, पुंजाराम ऐकत असताना, सांगितलं होतं, "दोन सीटा आहेत. एक माझी. दुसरीवर पहिल्यांदा तू बसायचं." माणसानं एवढं म्हटल्यावर बाई काय शिवणार न्हाई.

मागच्या उन्हाळ्यात विमान तयार झालं. सरकारी खात्याचा माणूस आला, ठोकून ठोकून बघून गेला. हे एकटे उडाले, खाली उतरले, सगळ्यांनी हार घातले. मी नवी ओढणी काढून ठेवली. आणि मंग हे काही बोलेचनात. शेवटी मीच विचारलं तर म्हणाले, आधी तुझं वजन करावं लागेल. घरात वजन कशावर करणार? मला रुईच्या गाठी तोलायच्या काट्यावर नेऊन उभं केलं. भर दुपारी, हमालांसमोर. वजन करून झाल्यावर एका हमालानं सवयीनं खडू उचलला, माझ्या पाठीवर आकडा टाकायला. मी त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो दुसऱ्या दिवसापासून कामावर आला न्हाई.

मी किती भरले ते इथं लिहीत न्हाई. आपण दोघी एकाच ताकाच्या, एकाच भाकरीच्या. तुला अंदाज आहेच. हे आकड्याकडं बघून राह्यले, मंग नकाशाकडं, मंग आभाळाकडं. म्हणाले, "आता हवा गरम आहे. गरम हवा भार उचलत न्हाई. पुढच्या हिवाळ्यात बघू." विलायतेतल्या ज्या साहेबानं हे नकाशे काढले, त्यानं चालवणारा आणि बसणारा अशी जी दोन माणसं मनाशी धरली, ती दोन्ही मला उपाशी वाटतात. तिकडं लढाईत रेशन होतं म्हणे. मंग तसं वर मोठ्या अक्षरात लिहावं, का हे विमान रेशनच्या माणसांसाठी आहे. आमचे हे काठीसारखे, त्यांचं भागतं. पण मला सांग, शिंपी कधी असं म्हणतो का, बाई, झंपर तयार आहे, आता तुम्ही बारीक होऊन या? टांगेवाला म्हणतो का, तुम्ही उतरा? तो फार तर म्हणतो, बाई, जरा पुढं सरका, म्हणजे घोडा उचलला जाणार न्हाई. म्हणजे घोड्याच्या गाडीला जेवढी माणसाची कदर, तेवढी विमानाला न्हाई.

तरी मी कमी करून बघितलं. सकाळी मुगाचं पाणी, दुपारी मुगाचं पाणी, घरातल्या मांजराला दूध आणि मला मुगाचं पाणी. पर्युषणात मी अठाई केली. आठ दिवस नुसतं उकळलेलं पाणी. समाजानं केवढं कौतुक केलं. बँड लावून मला रथात बसवून मिरवलं, बायका पायाला हात लावून गेल्या. माझ्या मनात पाप होतं हे तुला म्हणून लिहिते. लोक माझं पुण्य मोजून राह्यले होते आणि मी मनात वजन मोजून राह्यले होते. पारणं झालं तशी मीच ह्यांना म्हटलं, चला काट्यावर. जे उतरलं ते बघून पुंजाराम म्हणाला, "शेठाणी, चपला काढल्या असत्या तरी एवढं उतरलं असतं." त्या दिवशी घरी येऊन मी तूप घालून बाटी खाल्ली, आणि रडले, आणि आणखी एक खाल्ली.

मंग हिवाळा आला. हवा थंड झाली, विमान रोज सकाळी उडायला लागलं, आणि त्या दुसऱ्या सीटवर कोण बसलं म्हणतेस? आमचे मुनीम चांदमल. मंग शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर. मंग फोटोवाला. गावात जेवढी म्हणून बरगड्या मोजता येतील अशी माणसं, तेवढी सगळी आभाळात जाऊन आली. चांदमल तर माझ्या टाक्यांवर बसून डोळे मिटून गेला आणि डोळे मिटून आला. "काय दिसलं?" विचारलं तर म्हणाला, "नवकार मंत्र म्हणून राह्यलो होतो, शेठाणीजी." मी माळावर उभी राहून वर बघायचे. विमान डोक्यावरून गेलं की पंखाच्या खालच्या अंगाला टाक्यांची ओळ दिसते. एक ओळ जरा वाकडी आहे. ती मी ताप आलेला असताना घातली होती. खाली उभं राहून आपल्याच हातचं काम पोटाकडून बघायचं, ह्याच्यासारखा राग कशाचा येत न्हाई, अक्का.

आता काकासाहेब. तुझ्याकडं ह्यांचं नाव पोचलंच असेल, कारण त्यांचं नाव सगळीकडं आधी पोचतं आणि ते मागून येतात. कुठल्याशा कमिटीचे मोठे माणूस. स्टेशनाच्या पलीकडचा जो माळ, जिथून विमान उडतं, तो त्यांचा. अंगानं कसे, तर मी दारातून सरळ जाते आणि काकासाहेब तिरपे जातात. मार्गशीर्षात एका संध्याकाळी घरी आले आणि म्हणाले, "सुरजमलशेठ, माळ आमचा, आणि आभाळ तेवढं तुमचं का? उद्या आम्हालाही दाखवा." मी आतून ऐकत होते. वाटलं, आता हे काट्याचं नाव काढतील. गरम हवा म्हणतील, थंड हवा म्हणतील. हे म्हणाले, "जरूर. मेहरबानी."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी चहा घेऊन माळावर गेल्ते. जे बघितलं त्यानं माझ्या डोक्याची शीर उठली. हे आणि पुंजाराम विमान रिकामं करून राह्यले होते. सीटवरची गादी काढली. दार काढून गवतात ठेवलं. पेट्रोल अर्धं काढलं. हत्यारांची पिशवी काढली. ह्यांनी स्वतःचे बूटसुद्धा काढले. बसणाऱ्याची सीट खिळे काढून पुढं घेतली, म्हणजे शेपटीवर भार नको. थंड हवा हवी म्हणून तर इतक्या सकाळी. म्हणजे उपाय होते. एक न्हाई, इतके उपाय होते, आणि ते सगळे ह्यांना ठाऊक होते, आणि मला मुगाचं पाणी. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकासाहेब मोटारीतून उतरून कुडकुडायला लागले. दार न्हाई, वर वारा लागेल. ह्यांनी इकडं तिकडं बघितलं, माझ्याजवळ आले आणि माझ्या खांद्यावरची शाल काढून घेतली.

"माझी शाल?" मी म्हटलं.

"काकासाहेबांना थंडी वाजून राह्यली," हे म्हणाले.

ती माझी काश्मिरी, डाळिंबी रंगाची. सगळं जालना ती ओळखतं, कारण इथं तशी दुसरी न्हाई. काकासाहेबांनी ती डोक्यावरून घेतली, हनुवटीखाली गुंडाळली. मी चहाची किटली तिथंच ठेवली, टांग्यात बसले आणि घरी आले. पुढचं मी बघितलं न्हाई, पुंजारामनं सांगितलं.

विमान पळालं. पळालं, पळालं, माळ संपायला आला तेव्हा बैलाच्या शिंगाएवढं वर उचललं. मंग त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, पलीकडं रखमाजीच्या रानात उभी तूर होती, तिच्यात जाऊन बसलं. चाक मोडलं, एका पंखाचं कापड ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटलं. देवाच्या दयेनं दोघांनाही खरचटण्यापलीकडं काही झालं न्हाई. सडकेनं बाजाराच्या गाड्या चालल्या होत्या, त्या सगळ्या थांबल्या. लोकांना काय दिसलं? तुरीतून डाळिंबी शाल घेतलेलं एक भरलेलं माणूस निघालं, ह्यांनी हात धरून त्याला मोटारीत बसवलं, आणि मोटार धुरळा उडवत गेली. काकासाहेबांनी डोक्यावरची शाल काढली न्हाई. घरी जाईपर्यंत काढली न्हाई.

दुपारपर्यंत आमच्या ओसरीवर बायकांची रांग. कुणी हळद आणली, कुणी शेकायला विटा गरम करून देऊ का म्हणून राह्यलं. मी धडधाकट उभी, हातात लाटणं, आणि तारादेवी मला म्हणते, मुका मार उद्या कळतो. संध्याकाळी रखमाजी आला. बिचारा भला माणूस. म्हणाला, "तुरीचं जाऊ द्या बाई. तुम्ही वाचल्या, लई झालं." मी म्हटलं, रखमाजी, मी नव्हतेच त्यात. त्यानं मान हलवली, तापात बडबडणाऱ्या माणसापुढं हलवतात तशी. आणि आमचे हे बाजूला गादीवर बसलेले. सगळं ऐकलं. एक शब्द बोलले न्हाईत.

तो गेल्यावर मी विचारलं, तुमच्या जबानीला काय झालं होतं? हे म्हणाले, "तू बसली होतीस म्हटलं तर लोक हसतात आणि सोडून देतात. काकासाहेब बसले होते म्हटलं तर लोक हसतील, आणि काकासाहेब सोडणार न्हाईत. माळ त्यांचा आहे."

"म्हणजे माझ्यावर हसलेलं चालतं."

"दोन दिवसांत विसरतील," हे म्हणाले.

पंखाची सुई माझ्या शिवणाच्या डब्यात होती. ती मी घेतली, ट्रंकेत तळाशी टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. ह्यांना वाटलं, बायको रुसली, दोन दिवसांत विसरेल. मंग पंख दुरुस्तीला घेतला तेव्हा कळलं. पुंजारामनं टाके घातले, ते त्याच्याच हातानं उसवले. स्टेशनाजवळच्या शिंप्याला बोलावलं, त्यानं कोटासारखी दुहेरी शिवण घातली आणि खिसा ठेवू का म्हणून विचारलं. औषध लावलं की कापडाला सुरकुत्या. असा पौष महिना आला. विमान एका पंखानं उघडं, शेडमध्ये पिसं काढलेल्या कोंबडीसारखं, आणि घरात आम्ही दोघं मीठ, पाणी एवढंच बोलून राह्यलो.

एका संध्याकाळी हे सूर्य बुडायच्या आधी जेवायला बसले. मी पापड भाजून राह्यले होते. हे म्हणाले, "पहिल्या दिवशीच बसवता आलं असतं तुला. हिशोब मी केला होता."

मी म्हटलं, मंग?

"तुला घेऊन पडलो असतो तर?"

"काकासाहेबांना घेऊन पडलातच की."

हे म्हणाले, "काकासाहेबांचं मला काय."

अक्का, लग्नाला इतकी वर्षं झाली. ह्या माणसानं कधी गजरा आणला न्हाई, कधी नाव घेऊन हाक मारली न्हाई, आणि बोलायचं ते हे, आणि तेही पडण्याच्या गोष्टीत. पापड जळला. मी फिरून बघितलं न्हाई, कारण डोळ्यात पाणी दिसलं असतं तर राग गेला असं समजले असते. राग गेला नव्हता. आताही गेलेला न्हाई. उलट वाढला, कारण एवढीशी गोष्ट सांगायला ह्यांनी मला उन्हाळाभर मुगाचं पाणी पाजलं.

मी तिकडं तोंड करूनच म्हटलं, "सुई काढते. पण काकासाहेबांसाठी जे जे काढलं ते ते माझ्यासाठी काढायचं. त्याच माळावर, बाजाराच्या दिवशी, गाड्या चालू असताना. तुम्ही तोंडानं कुणाला काही सांगू नका. उडवून दाखवा."

"आणि न्हाई उडालं तर?"

"तर लोक म्हणतात ते खरं होईल," मी म्हटलं. "म्हणून उडवा."

पंख मी शिवला. आणि ह्यांनी काय केलं ते खरं सांगायला पाहिजे, रागात असले तरी. काकासाहेबांना कसलीही तपासणी न करता बसवलं होतं. माझ्या वेळी ह्यांनी पोत्यात सरकी भरली, ते पोतं माझ्या सीटवर पट्ट्यानं बांधलं आणि विमान उडवून आणलं. दुसऱ्या सकाळी पोत्यात आणखी भरली. असं रोज वाढवत वाढवत, पोतं माझ्याएवढं झालं, मंग माझ्याहून जरा जास्त. सीट कधी बोटभर पुढं, कधी मागं, चाक कुठं सुटतं तिथं माळावर चुन्याची रेघ. म्हणजे सरकीनं माझ्या आधी सगळं जालना बघितलं. पोतं उतरवताना पुंजाराम त्याला "या शेठाणी" म्हणायचा, ते मला कळलं, आणि त्याच्याशी मी अजून बोलत न्हाई.

त्या दिवशी सकाळी माळावर मेळा. गाड्या सोडून लोक उभे, पोरं झाडावर, आणि काकासाहेबांची मोटार एका बाजूला. मी ओढणी कमरेला घट्ट बांधली. पुंजारामनं पाट ठेवला, मी चढले, बसले. मला कुणी ढकललं न्हाई, कुणी ओढलं न्हाई, एवढं तिकडं नक्की सांग. पंखा फिरला, विमान पळायला लागलं. दगडावरून उडणाऱ्या बैलगाडीसारखं सगळं अंग हललं. मी चुन्याच्या रेघेकडं बघून राह्यले. रेघ आली, रेघ गेली, चाकं खालीच. माळ संपत आला. समोर रखमाजीची तूर, मागच्या खेपेची वाट पडलेली, आणि कडेला रखमाजी स्वतः हात जोडून उभा. मंग तो आडवा झाला. त्या वेळी मला ना काकासाहेब आठवले ना ओसरीवरच्या बायका. मी एवढंच म्हटलं, आता जे व्हायचं ते माझ्यासकट होऊ दे. आणि खालचा धडधडाट एकदम बंद झाला. वाटलं, पडलो. खाली बघितलं तर तुरीचे शेंडे आमच्या खालून मागं चालले होते.

काय सांगू तुला. स्टेशन काडीपेटीएवढं. मालगाडीचे डबे. आमच्या गच्चीवर मी वाळत टाकलेल्या मिरच्यांचा लाल ठिपका. कुंडलिका नदीचं पाणी उन्हात चमकून राह्यलं होतं, आणि पलीकडं तुझ्या राजूरची सडक सरळ जाताना दिसली. हे मागं वळले, हातानं विचारलं, कसं वाटतंय? मी तोंड तसंच ठेवलं. हे वळून पुढं बघायला लागले तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, पण तो वाऱ्यामुळं, आधाराला.

उतरलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, रखमाजी तुरीतून उठून पळत आला. वाटलं, आता झालं, आता सगळ्यांना कळलं. तेवढ्यात काकासाहेब मोटारीतून उतरले, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि दहा माणसांत म्हणाले, "वा. बाईंनी वजन बरंच उतरवलेलं दिसतंय." आणि दहाच्या दहा माणसांनी माना हलवल्या.

मी म्हटलं, "काकासाहेब, जिन जवळच आहे. चला, काट्यावर आपण दोघं एकामागं एक उभं राहू. तुम्ही आधी." काकासाहेबांना कमिटीची सभा आठवली. मोटार गेली. माणसं पांगली. आणि त्यातलं राजूरपर्यंत काय पोचलं? शेठाणी बसली आणि विमान बसलं. उडालं ते कुणी सांगितलं न्हाई.

तर अक्का, हे झालं खरं. चतुर्थीला देवळापुढं गर्दी असते, तेव्हा दाजींना ओट्यावर उभं करून हे पत्र वाचायला लाव. त्यांनीच हसून सांगितलं ना, त्यांनीच वाचावं. आणि विमान ह्या विषयावर माझं हे शेवटचं. सुई मी परत ट्रंकेत टाकली आहे. ह्यापुढं ह्या घरात लाकूड, कापड, औषध ह्यांचं नाव निघालं तर मी आष्टीला निघून जाईन. सासूबाईंची तब्येत जप, गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांध, लेकरांना माझी आठवण सांग.

तुझी,
प्रेमबाई

ता. क. सुई मी ट्रंकेतून बाहेर काढली आहे, ती गंज चढू नये म्हणून. ह्यांनी आणि पुंजारामनं शेडमध्ये दुसरं विमान सुरू केलंय, मोठं, जास्त ताकदीच्या इंजिनचं. पंखाचं कापड शिवायला खरं तर दोन बाया लागतात, एकीनं अलीकडून सुई घालायची आणि दुसरीनं पलीकडून परत द्यायची. मागच्या खेपेला मी एकटीच इकडून तिकडं पळाले. फाल्गुनात पंधरा दिवस सवड काढून ये. तुझा टाका माझ्याहून सरळ आहे. शेडमध्ये खुर्ची ठेवते, म्हणजे गुडघ्याला त्रास न्हाई. सासूबाईंना सांग, प्रेमबाई आजारी आहे. मुका मार उद्या कळतो म्हणतात, तो आता कळून राह्यला म्हणावं.

आणखी एक, आणि हे दाजींना वाचू देऊ नको. राजूरला गुळाच्या अडत्याकडं मोठा काटा आहे. दुपारी गर्दी नसताना जा. पोटभर जेवून जा, चपला घालून उभी राहा, आणि जो आकडा निघेल तो खरा लिहून जल्दी कळव. लाजू नको, मी माझाही कळवते. नव्या विमानाच्या दोन्ही सीटा शेजारी शेजारी, तुझ्या-माझ्या मापानं धरायला मी पुंजारामला सांगितलंय (विमानापुरतं मी त्याच्याशी बोलते). दांडा ओढला की वर जातं आणि ढकलला की खाली येतं, एवढं मी त्या दिवशी मागं बसून बघून ठेवलंय. हे कुठं बसणार, ते ह्यांनी अजून विचारलेलं न्हाई.